मनूच्या ओंजळीतला मासा

दौंडच्या घराघरांत पाणी दोन तऱ्हेचं असतं, वापरायचं आणि प्यायचं. वापरायचं म्हणजे बोअरचं. त्याने बादलीला पांढरी कड धरते, गिझरच्या कॉइलवर चुनखडीचा थर चढतो, साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ कितीही शिट्ट्या झाल्या तरी मऊ शिजत नाही. प्यायचं म्हणजे फिल्टरचं. ते ओट्यावरच्या आरओ मशीनमधून येतं, नाहीतर वीस लिटरच्या जारमधून. देवाला, पाहुण्याला आणि तान्ह्या बाळाला प्यायचं पाणी, भांड्यांना, फरशीला आणि कुंड्यांना वापरायचं. ही वाटणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की घरात नवा जीव आला तर त्याला कोणतं पाणी द्यायचं, हे कोणी विचारत बसत नाही. ज्याच्यावर माया, त्याला प्यायचं.

शेजारच्या काकूंनी नातवाच्या वाढदिवसाला काचेची टाकी आणली, तेव्हा त्यांनीही हेच केलं. थोडे गप्पी, एक मोलीची जोडी, एक गोल्डफिश. टाकी घासूनपुसून घेतली, तळाशी खडे अंथरले आणि काठोकाठ आरओचं पाणी भरलं. दुकानातून पिशवीत आलेलं पाणी कुठलं, कसलं, म्हणून ते मोरीत ओतलं आणि मासे चहाच्या गाळणीने उचलून या स्वच्छ पाण्यात सोडले. पहिला मासा त्याच संध्याकाळी गेला. आठवडाभरात टाकी रिकामी झाली. काकू माळकरी आहेत. एकादशी मोडत नाहीत, घरात मासळी शिजत नाही. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “बाई, मी लेकराला देते तेच पाणी दिलं हो. मला पाप लागेल का?”

मी दौंडच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माहेर शिरूरचं. जुनी माणसं त्याला अजून घोडनदीच म्हणतात. वडील वारकरी, घरात रोज हरिपाठ. काकूंच्या प्रश्नाचा अर्धा भाग माझ्या विषयाचा आहे आणि अर्धा वडिलांच्या पोथ्यांचा. हे दोन अर्धे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले तर उत्तर हाती लागत नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

आधी माझ्या विषयाचं. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे अळणी पाण्यात राहणारा खाऱ्या रक्ताचा जीव. त्याच्या अंगात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी. त्यामुळे कल्ल्यांवाटे बाहेरचं पाणी सतत आत झिरपतं आणि आतले क्षार बाहेर निसटू पाहतात. असा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. न पिताच त्याच्या अंगात पाणी भरत राहतं. त्याची मूत्रपिंडं रात्रंदिवस ते उपसत असतात आणि कल्ल्यांतल्या खास पेशी आजूबाजूच्या पाण्यातून सोडियम आणि क्लोराइड वेचून आत ओढत असतात. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम कल्ल्यांतल्या पेशींचे सांधे घट्ट ठेवतं, म्हणून गळती आटोक्यात राहते. आपल्याला मासा टाकीत निवांत तरंगताना दिसतो, पण त्याचा प्रत्येक क्षण या जमाखर्चात जातो. पाण्यातले क्षार ही त्याची मिळकत आहे.

आरओचा पडदा नेमके तेच क्षार काढून टाकतो. माझ्या हातातल्या मीटरवर आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, हजाराच्या पुढे जातो. ओट्यावरच्या नळाखाली तोच मीटर पन्नासच्या आत येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असणं योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे. तेव्हा हजाराचं पाणी गाळून पिण्यात काकूंचं काही चुकत नाही. पण दुकानातला गप्पी आमच्याच भागातल्या जड पाण्यात जन्मलेला आणि वाढलेला. त्याला एका गाळणीच्या फेरीत हजारावरून पन्नासवर आणलं. बाहेरून आत शिरणारं पाणी एकदम वाढलं, आतले क्षार भराभर सुटू लागले, आणि ती घट भरून काढायला पाण्यात काही उरलंच नव्हतं. मोलीचे रानातले नातलग मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या किनाऱ्यालगतच्या, मचूळसुद्धा चालणाऱ्या पाण्यात राहतात. काकूंचं वापरायचं पाणी तिला प्यायच्या पाण्यापेक्षा कितीतरी मानवलं असतं.

जे मासे पहिल्या धक्क्यातून वाचले ते आठवड्यात का गेले? पाण्यात बायकार्बोनेट असतं, तेव्हा ते तयार होणारं आम्ल झेलून घेतं. माशाच्या अंगातून कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. टाकीतले उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात आणि या कामात आम्ल तयार होतं. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायलाच काही आठवडे लागतात. त्यात आरओच्या पाण्यात झेलणारं बायकार्बोनेट नाही, म्हणून पाणी हळूहळू आंबट होत जातं, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठत राहतो. आम्लधर्मी पाण्यात तो बराचसा कमी घातक रूपात असतो, म्हणून मासे सुस्त दिसतात पण जगतात. मग घरातलं कोणीतरी घाबरून अर्धी टाकी बोअरच्या पाण्याने भरतं. पाणी एकदम अल्कधर्मी होतं, साठलेल्या अमोनियाचं विषारी रूप कितीतरी पटींनी वाढतं आणि तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. अशा वेळी लोक दोष बोअरच्या पाण्याला देतात. खरं कारण त्या आधीच्या निर्मळ पाण्यात असतं.

घरात ज्याला आपण शुद्ध किंवा पवित्र म्हणतो, त्यातलं आणखी बरंच माशाच्या जिवावर उठणारं आहे. तांब्याचा तांब्या घ्या. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी सकाळी अनशापोटी प्यावं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. पूजेचं ताम्हन तांब्याचं, पळी-पंचपात्र तांब्याचं. आता तर तांबं सोडणारी फिल्टर मशीनंही निघाली आहेत. पण पाण्यात उतरलेलं तांबं कल्ल्यांना इजा करतं, गोगलगायी आणि कोळंबीला तर त्याहून लवकर. पाणी जितकं मृदू तितकं तांबं जास्त घातक, कारण जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला कल्ल्यांवर बसू देत नाही. म्हणजे आरओचं पाणी तांब्याच्या कळशीत भरून ठेवावं आणि भक्तिभावाने टाकीत ओतावं, यासारखा धोका नाही. काही फिल्टरच्या कांडीत आणि कोळशात जंतू वाढू नयेत म्हणून चांदी असते. चांदीचे आयन क्षार आत ओढणाऱ्या त्याच पेशींचं काम थांबवतात. तुरटी फिरवली की गढूळ पाणी निवळतं, पण पाण्याची आम्लता वाढली तर तिच्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांवर साचतं. पाणी मृदू करणारं सॉफ्टनर मशीन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतं, म्हणजे माशाच्या कल्ल्यांना सावरणारं नेमकं तेच जातं. नुसता यूव्ही दिव्याचा फिल्टर मात्र क्षारांना हात लावत नाही, आणि कोळशाचा साधा फिल्टर क्लोरीन काढून उपकारच करतो. म्हणून “फिल्टरचं पाणी माशाला चालतं का” या प्रश्नाला मी आधी विचारते, फिल्टर कसला?

क्लोरीनचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. तुकोबांची पालखी आषाढात आमच्या तालुक्यातून जाते. मुक्काम यवतला, मग वरवंडला. यवतची पिठलं-भाकरी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्या दिवसांत आरोग्य खात्याची माणसं टँकरमागून टँकर तपासत, क्लोरीनची टीसीएल पावडर टाकत फिरत असतात, ते फारसं कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. लाखो वारकरी एका गावचं पाणी पितात आणि गॅस्ट्रोची साथ येत नाही, त्यामागे ती पावडर आहे. ती पावडर टाकणाऱ्या हातांना मी पुण्यवान मानते. त्याच टँकरचं पाणी तसंच टाकीत ओतलं तर माशाचे कल्ले भाजून निघतील. द्रव्य एकच, हात तोच, हेतूही तोच, आणि एका देहाला जीवदान तर दुसऱ्याला मरण.

मग शुद्ध कशाला म्हणायचं?

आपल्या मनात शुद्धीचं एकच चित्र असतं, काढून टाकण्याचं. मळ काढा, क्षार काढा, जंतू काढा, काढत जा, शेवटी जे उरेल ते शुद्ध. घरोघरी मशीन विकणारी माणसं याच चित्रावर धंदा करतात. नळाच्या पाण्यात विजेच्या दोन कांड्या बुडवतात, पाणी बघता बघता तपकिरी होतं, आणि घरातली बाई हादरते. मी हा प्रयोग वर्गात मुलांपुढे उलगडून दाखवत असे. तो तपकिरी गाळ पाण्यातला नसतोच, तो कांडीचं लोखंड विरघळून आलेला असतो. क्षार असतील तर पाण्यातून वीज वाहते आणि कांडी झिजते. आरओच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते पांढरंच राहतं. म्हणजे बाईला जे दाखवलं जातं ते पाण्यात क्षार आहेत एवढंच, आणि तिच्या मनात भरवलं जातं की पाण्यात घाण आहे. या भीतीपोटी गरज नसलेल्या गावांतही आरओ गेलं. क्षार ५०० च्या आत असलेल्या पाण्याला आरओ लावू नये, असं २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला सांगावं लागलं.

काढत जाण्याला शेवट कुठे? दौंड जंक्शनात वाफेची इंजिनं पाणी घेत होती, तेव्हा बॉयलरला क्षार नकोसे होते, कारण नळ्यांत थर बसला की कोळसा जास्त जळायचा. इन्व्हर्टरच्या बॅटरीला डिस्टिल्ड पाणीच लागतं. पण ते पाणी कोणी तान्ह्या बाळाच्या वाटीत घालत नाही. लोखंडाला क्षार नकोत, माणसाला बेताचे हवेत, मोलीला भरपूर हवेत आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातून आलेल्या निऑन टेट्राला अगदी थोडे. शुद्धता पाण्यात एकट्याने राहत नाही. पाणी आणि ते घेणारा देह यांच्यामध्ये ती ठरते.

ती तशी ठरू न देता, माणसांच्या मानण्यावर ठरवली की काय होतं, याचं उदाहरण आपल्या इतिहासात उभं आहे. डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी आमच्या शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमा गावाजवळच्या विजयस्तंभापाशी आले होते. त्याच वर्षी २० मार्चला महाडला त्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी तळं “शुद्ध” करून घेतलं. दही, दूध, शेण आणि गोमूत्र मिसळलेल्या १०८ घागरी त्या पाण्यात ओतल्या. जनावरं पाणी पीत होती तेव्हा तळं बाटलं नव्हतं, माणसाच्या ओंजळीने बाटलं. रसायनशास्त्राच्या कोणत्याही मोजमापाने त्या घागरींनी पाणी बिघडवलंच. ज्या शुद्धीत समोरच्या देहाचा विचारच नाही, ती धर्माच्या नावाने केलेली हिंसा आहे, असं मी मानते. आणि त्याच महाड तालुक्यात, काळ नदीवर, वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महासीर मासे वरदायिनी देवीचे. त्यांना कोणी मारत नाही, धरत नाही. देवीच्या माशांसाठी पाणी पवित्र करून घेण्याची कोणाला गरज वाटली नाही. ते होतं तसं राहू दिलं, एवढीच तिथली पूजा.

याचा अर्थ गढूळ, घाणेरडं पाणी माशाला बरं, असा कोणी काढू नये. शिरूरहून न्हावरे-पारगावमार्गे दौंडकडे येताना भीमा ओलांडावी लागते. वाळकीपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तिच्यासोबत सगळ्या पुण्याचं सांडपाणी. १८३९ साली कर्नल साइक्सने दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, त्यात भीमेच्या खोऱ्यातले मासे आहेत. काहींच्या शास्त्रीय नावांत त्याने इथल्या लोकांच्या तोंडची माशांची नावंच ठेवली, कोलुस, नुक्ता, पोटेल. हे मासे काळ्या खडकावरून वाहणाऱ्या, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट अंगात घेतलेल्या पाण्यात घडले. आज संगमाखाली जलपर्णी माजलेली असते. त्या नदीला आपण तीर्थ म्हणतो आणि ओट्यावरच्या पाण्याला शुद्ध म्हणतो. एकात नको ते सगळं आहे, दुसऱ्यात हवं ते काहीच नाही. माशाला दोन्ही नकोत.

आता काकूंच्या वाक्याकडे येते. “लेकराला देते तेच दिलं.” हे वाक्य साधं नाही, आपल्या धर्मविचाराचा गाभा त्यात आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रेष्ठ योगी कोण, तर जो स्वतःच्या उपमेने सगळीकडचं सुखदुःख पाहतो तो, असं सांगितलं आहे. आत्मौपम्य म्हणतात ते हे. जगातल्या बहुतेक धर्मांनी हा नियम आपापल्या शब्दांत सांगितला आहे. मला जे नको ते दुसऱ्याला करू नये, मला जे हवं ते दुसऱ्याला द्यावं. काकूंनी हा नियम अक्षरशः पाळला, आणि मासे मेले. तेव्हा नियम खोटा ठरला का?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझं उत्तर नाही असं आहे. गीता सुखदुःखाबद्दल बोलते, पाण्याबद्दल नाही. माझ्यासारखंच त्यालाही दुखतं, माझ्यासारखाच तोही जगू पाहतो, इथपर्यंत उपमा खरी आहे. त्याला कशाने दुखतं आणि तो कशावर जगतो, हे माझ्याकडे पाहून कळणार नाही. तिथे उपमा सोडावी लागते आणि त्याच्याकडे पाहावं लागतं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. त्याला दुखतं हे विसरतो आणि त्याला माझंच हवं हे धरून चालतो. माणसांच्या बाबतीतही हेच होतं. सासू सुनेला, शिक्षक विद्यार्थ्याला, शहर खेड्याला आपल्यासाठी जे उत्तम ते मायेने देतात आणि समोरचा का कोमेजतो ते त्यांना उमगत नाही.

आपल्या परंपरेतला पहिला मासे पाळणारा मनू. शतपथ ब्राह्मणात ती कथा आहे. सकाळी हात धुवायला मनूला पाणी आणून दिलं आणि त्या पाण्यातून एक लहानगा मासा त्याच्या हातात आला. “माझा सांभाळ कर,” मासा म्हणाला, “मी तुला तारीन.” मनूने विचारलं, सांभाळू कसा? कथा सांगताना सगळे पुढच्या प्रलयाकडे आणि नावेकडे धावतात. मी या प्रश्नापाशी थांबते. मनूने आपल्याला जे भांडं आवडतं, जे पाणी पवित्र वाटतं, त्यात त्याला टाकलं नाही. त्याने माशालाच विचारलं. मासा म्हणाला, लहान आहोत तोवर मोठा मासा आम्हाला गिळतो. आधी मला घड्यात ठेव, मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, त्यातही मावेनासा झालो की समुद्रात ने. मनूने तसं केलं. शुद्धीसाठी आणलेल्या पाण्यात एक जीव निघाला, आणि आपली शुद्धी बाजूला ठेवून मनूने त्याची गरज ऐकली. अवताराची कथा म्हणून मी तिच्यापुढे हात जोडते, पण सांभाळ कसा करावा याचा पाठ म्हणून ती मला अधिक मोलाची वाटते.

काकूंच्या गप्पीला वाचा नव्हती. मग ऐकायचं कसं? शिरूरच्या आमच्या जुन्या गल्लीत जैनांची घरं होती. त्यांच्याकडे पाणी दुहेरी फडक्यातून गाळत. आमच्याकडेही गाळत, पण त्यांच्याकडे पुढे आणखी एक काम असे. फडक्यावर जे उरलं, त्यावर गाळलेलं पाणी ओतून ते जपून एका भांड्यात घेत आणि ज्या विहिरीचं पाणी होतं त्याच विहिरीत हळुवार सोडत. त्याला जिवाणी म्हणतात. लहानपणी मी एका आजींना विचारलं होतं, दुसऱ्या विहिरीत टाकलं तर? त्या म्हणाल्या, “एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात मरतात, बाळा.” पुढे रसायनशास्त्रात मी जे शिकले आणि शिकवलं ते यात सगळं आहे. आपण गाळतो आपल्यासाठी, पण गाळल्याने ज्याचं घर सुटलं त्याचीही जबाबदारी आपल्यावर येते. आमच्या ओट्यावरचं मशीन जे वेगळं काढतं, ते एका बारीक नळीतून मोरीत जातं, आणि माशाला जे हवं होतं ते त्याच नळीतून जातं. (ते सांडपाणी मात्र कोणी टाकीत भरू नये. त्यात हव्या-नको सगळ्याच गोष्टी दाटलेल्या असतात.)

जैनांच्या दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला दयेच्या आधीची जागा दिली आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, यापेक्षा मायेचा दुसरा विचार नाही. जो जीव बोलत नाही त्याच्या बाबतीत मोजणं हेच ऐकणं आहे. मासे आणाल त्या दुकानातल्या टाकीचं पाणी आधी मीटरने मोजा, आणि आपल्या टाकीचं त्याच्या जवळपास आणा. आमच्या भागात बोअरचं पाणी निम्म्याहून जास्त आणि उरलेलं आरओचं, असं मिश्रण गप्पी, मोली, गोल्डफिशला सहसा मानवतं. आकडा ज्याने त्याने आपल्या नळाप्रमाणे ठरवावा. नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर क्लोरीन काढणारे थेंब टाका, किंवा हवेचा पंप लावून पाणी एक रात्र उघडं ठेवा. नवी टाकी लगेच माशांनी भरू नका. पिशवी टाकीत तरंगत ठेवा, टाकीचं पाणी तिच्यात थोडं थोडं घाला, तासभर जाऊ द्या. पाणी बदलताना आठवड्याला पाव टाकीपेक्षा जास्त नको, आणि तेही एकाच जातीचं, आज बोअर आणि उद्या आरओ असं नको. निऑन टेट्रा किंवा डिस्कस पाळणाऱ्याला आरओचं पाणी लागतं हे खरं, पण तोही त्यात बेताचे क्षार परत मिसळतो. हे सगळं मी धर्माचरण म्हणून सांगते आहे, छंदाच्या सूचना म्हणून नाही.

राहिलं पाप. या बाबतीत मला सर्वात जास्त विचार करायला लावलं ते मिलिंदपञ्हातल्या एका संवादाने. राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला विचारतो, जाणून पाप करणाऱ्याला दोष जास्त की न जाणता करणाऱ्याला? नागसेन म्हणतो, न जाणता करणाऱ्याला. तापलेला लोखंडाचा गोळा न जाणता उचलणाऱ्याचा हात जास्त भाजतो. पहिल्यांदा हे अन्यायाचं वाटतं, कारण कर्म म्हणजे हेतू, असं बुद्धांनीच सांगितलं आहे. मला त्या दोन्हींत विरोध दिसत नाही. काकूंच्या हेतूत हिंसा नव्हती, म्हणून त्यांना दोषी म्हणायला मी तयार नाही. पण अज्ञानाने हात आखडता घेतला जात नाही हेही खरं. मारायचं ठरवून कोणी टाकीतले सगळे मासे असे नेमाने मारले नसते. जैन आचार्यांनी हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, जागा दिली. ती मला योग्य वाटते. मी काकूंना सांगितलं, गेलेल्या माशांचं पाप तुम्हाला नाही, पण त्यांचं देणं तुमच्यावर आहे, आणि ते देणं जाणून घेऊन फिटेल. आता कळल्यावर पुन्हा तेच पाणी भरलं तर तो प्रमाद होईल, आणि त्याचं उत्तर वेगळं असेल.

त्यांनी लगेच पुढचा प्रश्न काढला. नातू दुसरे मासे मागतो आहे, आणले आणि जमलं नाही तर एकादशीला भीमेत सोडून देऊ का, मोकळे होतील बिचारे. पुष्कळ श्रद्धाळू माणसं हे पुण्य समजून करतात. मनूने आपला मासा शेवटी समुद्रात सोडला, पण तो तिथलाच होता. गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपण त्याला हौदांत आणि डबक्यांत आणलं. टाकीची काच साफ करायला आणलेला सकर मासा माणसांनी असाच “मोकळा” केला, तो आज उजनीच्या पाण्यात मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतो, जाळी फाडतो, आणि इथल्या माशांच्या वाट्याचं खातो. म्हणून मनूची शेवटची पायरी आपल्याला बंद आहे. मासा आणला की तो आपला, त्याच्या शेवटापर्यंत. नाहीच जमलं तर दुकानदाराला परत द्यायचा, किंवा ज्याच्या टाकीचं पाणी आपल्यासारखंच आहे अशा घरी. काकूंनी दुकानदाराला तसं विचारून घेतलं आहे. त्यांची टाकी सध्या माशांविना चालू आहे, त्यात बोअरचं पाणी आणि एक पंप आहे, आणि नातू रोज शाळेतून आल्यावर मीटर बुडवून आकडा वहीत लिहितो.